सांजवेळीची बाग

त्या वाइनबद्दल मला पहिली गोष्ट कळली ती ही, की तिला वास कसला यावा हे तिकडच्या कायद्याने ठरवून दिलेलं आहे. इटलीत किआंती नावाचा डोंगराळ मुलूख आहे आणि तिथल्या तांबड्या वाइनचं नावही किआंतीच. द्राक्षं कोणत्या जातीची, कुठल्या हद्दीत पिकलेली, रंग कसा, जिभेवर काय जाणवलं पाहिजे, हे सगळं लिहून ठेवलेलं. हद्दीबाहेर तीच वेल लावा, तीच पद्धत वापरा, पण ते नाव लावता येत नाही.

हे सगळं एका छापील पानावर इंग्रजीत होतं. ते मराठीत करायचं काम अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यावर टाकलं. तेव्हा मी नाशिकला कॉलेजात होते, इंदिरानगरला मावशीकडे राहायचे आणि शनिवारी निफाडकडच्या आमच्या गावी जायचे. गावापासून जवळच एक वाइनचा कारखाना उभा राहत होता. तिथल्या साहेबांनी दहाबारा बागायतदार जमवून त्यांना ते पान वाटलं होतं. अण्णांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि मी आल्या आल्या पुढे केलं.

"पत्रक हाय. तुझ्या कामाचं."

पत्रक म्हटलं की घरात माझंच नाव निघायचं. माझी आई दारूबंदीच्या चळवळीत होती. चळवळ म्हणजे काय, तर गावातल्या पंधरावीस बायका आणि आमची ओसरी. गावात देशी दारूचं एक दुकान होतं, सरकारी परवान्याचं. मी लहान असल्यापासून त्या दुकानाविरुद्ध आमच्या घरात पत्रकं लिहिली जात. 'भगिनींनो, जाग्या व्हा' अशी सुरुवात. आई सांगायची, मी लिहायचे. नाशिकहून छापून आली की शाईचा वास घरभर. मी वाचायला शिकले ती पाठ्यपुस्तकांवर कमी आणि पत्रकांवर जास्त. अजूनही कुठे अन्याय दिसला की डोक्यात आधी मथळा तयार होतो, मग राग येतो.

अशा घरात अण्णांनी वाइनचं पान आणलं होतं.

मी शब्दकोश घेऊन बसले. रंग माणकासारखा लाल, जुनी झाल्यावर डाळिंबाच्या दाण्याकडे झुकणारा, असं लिहिलं.

"कोनत्या डाळिंबाच्या?" अण्णांनी विचारलं. "गणेश का भगवा? लय फरक हाय."

चवीबद्दल होतं की ती कोरडी असावी, किंचित तुरट असावी, आणि पुढे एक शब्द होता त्याचं मी 'सुसंवादी' केलं.

"दारू कुनाशी संवाद करती?" अण्णा म्हणाले. "संवाद पिणारा करतो. तो बी खांबाशी."

स्वयंपाकघरातून आईचा हसण्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. मी 'चवीचा मेळ बसलेली' असं केलं.

वासापाशी मात्र अडलो. जांभळ्या रंगाच्या एका रानफुलाचा वास यावा, असं लिहिलं होतं. ते फूल आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. कोशात 'बनफ्शा' असा शब्द मिळाला. नाशिकला भद्रकालीतल्या काष्ठौषधीच्या दुकानात मी विचारलं, तर दुकानदाराने न बघता मागच्या खणातून पुडी काढून दिली. खोकल्याच्या काढ्यात घालतात म्हणाला. पुढच्या शनिवारी अण्णांनी ती वाळकी फुलं तळहातावर घेतली, चुरगाळली, पुन्हा पुन्हा हुंगली.

"वाळक्या चाऱ्यासारखा येतो. ताजा असंल तवा निराळा असंल." पुडी बांधून त्यांनी खिशात ठेवली.

कारखान्यात साहेबांनी एकदा सगळ्या बागायतदारांना ती वाइन प्रत्यक्ष दाखवली. पानाचं भाषांतर वाचून दाखवायला मीही गेले होते. बाटली त्यांनी परदेशातून आणलेली, गोल पोटाची, खालचा अर्धा भाग गवताच्या विणलेल्या टोपलीत बसवलेला. सगळ्यांनी चाखली, अण्णांनी चाखली नाही. आईला त्यांनी लग्नात शब्द दिला होता. त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला, फिरवला, काठाला नाक लावून बराच वेळ तसेच उभे राहिले. शेजारचा म्हणाला, "अण्णा, पिऊन टाका, ती काय दवाखान्यातली बाटली नाय." अण्णा हसले आणि ग्लास त्याच्या हातात दिला.

त्यांना चवीचं वेड नव्हतं. त्यांना वेड होतं त्या नावाचं. आमच्या गावची द्राक्षं दिल्लीला जायची, कलकत्त्याला जायची, बोटीनेही जायची, पण पेटीवर चिकटायचं ते व्यापाऱ्याचं लेबल. गावाचं नाव कुठेच नाही. आणि इथे एका मुलखाने स्वतःचं नाव असं राखलं होतं की दुसऱ्याने लावलं तर गुन्हा. परतताना ते गाडी चालवत मला म्हणाले, "लिही. आपल्या गावच्या वाइनचं लिही. रंग, भगव्या डाळिंबाचा. वास, गोदाकाठच्या काळ्या मातीचा. चव तुरट. पण मागनं जरा झोंबणारी, तुझ्या आयसारखी."

तेवढ्यासाठी त्यांनी एक एकर लावायचं ठरवलं. किआंतीत मुख्य जी जात वापरतात तिचं नाव सांजोवेजे. साहेब म्हणाले, "नाशिकच्या हवेत ही रुळते का, बघायचंय. तुम्ही पहिले." अण्णांना तो उच्चार जमेना. ते सांजवेळ म्हणू लागले, मग मजूर म्हणू लागले, मग गाव. सांजवेळीची बाग. नळावर बायका एकमेकींना विचारायच्या, "आज कुठं कामाला? सांजवेळीत का?"

आईने विरोध केला नाही. तिने एवढंच सांगितलं, "जमीन तुमची, हात तुमचे. मी त्या बागेत पाय ठेवणार नाही." आणि दोन वर्षं तिने तो ठेवला नाही. घरून डबा घेऊन जायची, बांधावर ठेवायची, हाक मारायची आणि वळायची.

मी त्या दोघांच्या मध्ये होते, आणि मला दोघांचंही पटत होतं, हे त्या वयात फार जड जातं. सरकारने वाइनला शेतमालावरच्या प्रक्रियेचा दर्जा दिला होता. तिच्यासाठी परिषदा भरत, सवलती मिळत. देशीच्या दुकानासमोर मात्र पोलीस बायकांच्या अंगावर खेकसत. दारू एकच, पण पिणाऱ्याचे कपडे बघून कायदा आवाज बदलतो, असं मी तेव्हा वहीत लिहिलं होतं आणि आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. पण अण्णा वेलींना तारेवर बांधताना ज्या अलवारपणे सुतळीला गाठ मारायचे, ते बघून माझा मथळा विरघळून जायचा.

कारखान्यातली ती टोपलीतली बाटली रिकामी झाल्यावर अण्णांनी मागून घेतली होती. लेबलवर मुलखाचं नाव होतं ना, म्हणून. घरी आणली तेव्हा आईने ती हातात घेऊन उलटी केली, थेंब पडतो का बघितलं.

"ठेवा. पण माझ्या घरात उभी बाटली नको. आडवी ठेवा."

ही तिची थट्टा होती. ती आम्हाला कळली, कारण त्या काळात 'आडवी बाटली' हा शब्द आमच्या घरात रोजचा होता. गावातलं दुकान बंद करायचं की नाही, यावर बायकांचं मतदान घेता येत असे. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आईच्या अर्जाला अनेक खेट्यांनंतर मंजुरी आली होती आणि मतदानाचा दिवस लागला होता.

अण्णा म्हणाले, "वाइनच्या कारखान्यात बी समद्या आडव्याच ठेवत्यात. बूच ओलं राह्यला पाहिजे म्हणून."

"बघा," आई म्हणाली, "त्यांना पण कळतं."

फडताळात ती बाटली टोपलीमुळे न लोळता नीट आडवी राहिली.

मग मतदानाच्या प्रचाराची बैठक आमच्या ओसरीवर भरली. एका बाईला चहाचे कप काढताना फडताळात बाटली दिसली. तिला वाटलं, आईने प्रचारासाठीच खास आणली. "अगं बया, केवढी गोजिरवाणी! टोपडं घातल्यावानी!" ती ओरडली. बाटली हातोहात फिरली. कोणीतरी तिला पितळी ताटात आडवं निजवलं, भोवती झेंडूची फुलं लावली. आई तेव्हा प्रचारासाठी शेजारच्या वस्तीवर मुक्कामाला गेली होती, आणि प्रचारापुरतं कॉलेज बुडवून आलेली मी ओसरीवरच होते. मला हसू येत होतं. मला ते फार सुंदर वाटलं होतं: किआंती मुलखाची बाटली, आमच्या बायकांच्या डोक्यावर, देशी दारूविरुद्ध. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी निघाली तेव्हा ताट सगळ्यांत पुढे होतं. आई परस्पर वस्तीवरून फेरीला आली आणि तिने ते पाहिलं तोवर निम्मं गाव फिरून झालं होतं. घोषणा चालू होत्या. 'आडवी करा, आडवी करा.'

देशीच्या दुकानदाराचा पुतण्या नाशिकच्या अंबड वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला होता, सुट्टीवर आलेला. त्याने ताटाजवळ येऊन लेबल वाचलं. नुसतं वाचलं आणि हसत निघून गेला.

दोन दिवसांनी गावात पत्रक वाटलं गेलं. आमच्याविरुद्ध निघालेलं ते पहिलं पत्रक. मी ते वाचलं तेव्हा माझे कान तापले, कारण ते चांगलं लिहिलेलं होतं. वाक्यं लहान, मथळा खणखणीत. 'गावाला आडवी, घरात इटालियन!' खाली लिहिलं होतं की फेरीत मिरवलेली बाटली परदेशी वाइनची आहे, ती पुढारीणबाईंच्या फडताळातून आली आहे, आणि त्यांचे यजमान एक एकरात दारूची द्राक्षं पिकवतात. गरिबाची देशी पाप, आणि श्रीमंताची परदेशी पुण्य काय, असं विचारलं होतं. मी शोधलं, पण त्यात एकही शब्द खोटा नव्हता. हा शेवटचा प्रश्न तर माझाच होता.

संध्याकाळी बायका जमल्या. नेहमीच्या निम्म्या. त्यांत एक म्हातारी होती, तिचा मुलगा दारूने गेलेला. प्रत्येक फेरीला ती सगळ्यांत पुढे असे. ती खाली बसली नाही, खांबाला धरून उभी राहिली.

"बाई," ती आईला म्हणाली, "मला लिवता वाचता येत नाय. येकच सांग. माझ्या घरात आली ती वाईट दारू, आन् तुझ्या शेतात पिकती ती चांगली. आसं कसं?"

मी पुढे झाले. वाइनमध्ये दारूचं प्रमाण कमी असतं, ती जेवणाबरोबर घोट घोट पितात, असं काहीतरी बोलू लागले. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"गप्प बस. त्यांनी मला विचारलंय."

तिच्याइतकं धडाधड बोलणारी बाई मी पाहिलेली नाही, आणि ती त्या म्हातारीपुढे नुसती उभी होती. म्हातारी रागावली नव्हती, हे जास्त वाईट होतं. ती खरंच उत्तराची वाट बघत होती. शेवटी ती "येते" म्हणाली आणि पायऱ्या उतरली. अंगणात अण्णा फवारणीचा पंप धूत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हातारी जाताना त्यांनी पंप बाजूला सरकवून तिला वाट करून दिली.

सांजवेळीचं ते पहिलं पीक होतं. मण्यात पाणी उतरलं होतं, रंग चढायला लागला होता. महिन्याभरात तोडा आला असता. सकाळी मी चहा घेऊन बागेत गेले तर अण्णा करवत घेऊन वाकलेले. पहिल्या दोन ओळी खाली पडल्या होत्या. वेली गुडघ्याएवढ्या उंचीवर कापलेल्या, तारेवरचा पसारा तसाच लटकलेला, घडांसकट. पानं अजून ताजी होती. कापल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

मी काहीतरी ओरडले असेन. त्यांनी वर बघितलं.

"कप बांधावर ठेव," ते म्हणाले. "मुंग्या हायेत इथं."

"आईने सांगितलं?"

"ती कशाला सांगंल?"

"मग?"

त्यांनी पुढच्या वेलीचं खोड डाव्या हाताने धरलं, सुतळीची गाठ आधी सोडवली आणि मग करवत लावली. प्रत्येक वेलीला तसंच. आधी गाठ सोडायची. कापायचीच होती तर गाठ सोडायची काय गरज होती, हे मला अजून समजलेलं नाही.

दुपारी साहेब आले. ते चिडले नाहीत, त्यांनी पडलेला एक घड उचलला, दोन मणी तोंडात टाकले आणि म्हणाले, "अण्णा, थांबायचं होतं हो. छान जमली होती." अण्णांनी त्यांना विचारलं, त्या फुलाचा वास आला असता का. साहेब म्हणाले, आता कसं सांगणार.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. काही बायका परत आल्या, म्हातारीही आली. आईने त्या दिवसांत स्वतः दारोदार जाऊन प्रचार केला, पण अण्णांनी बाग तोडली हे तिने एकदाही तोंडातून काढलं नाही. मी एका पत्रकाच्या मसुद्यात ते लिहिलं होतं, 'कार्यकर्तीच्या पतीचा त्याग' असं. तिने तेवढ्या ओळीवर काट मारली. "ते विकायचं नाही," ती म्हणाली.

मतदानाचा नियम असा, की नुसत्या आलेल्यांत जास्त मतं मिळून भागत नाही. गावच्या यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांतल्या निम्म्याहून जास्तींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. आणि दिवस होता ऐन तोड्याच्या हंगामातला. पहाटेच ट्रॅक्टर, टेम्पो येऊन मजूर बायकांना दूरच्या बागांत घेऊन गेले. ज्यांच्या घरात दारू सगळ्यांत जास्त, त्याच बायका त्या टेम्पोत होत्या. त्या द्राक्षं खुडत होत्या, आणि इकडे केंद्रावर रांग दुपारीच संपली. मोजणीत आडव्या बाटलीची चळत उभ्या बाटलीच्या कितीतरी पट उंच होती. तरी निम्म्याला कमी पडली. अधिकाऱ्याने नियम वाचून दाखवला. दुकान राहिलं. बाहेर फटाके वाजले.

आई घरी येऊन जेवणाला बसली, जेवली, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सांजवेळीच्या बागेत गेली. पहिल्यांदा. अण्णा तिथे खुंटांना आलेले फुटवे काढत होते. थॉमसनचं, म्हणजे खाण्याच्या द्राक्षाचं, कलम बांधायचं होतं, त्यासाठी खुंट मोकळे ठेवावे लागत. पण कापलेल्या वेली ऐकत नव्हत्या. जिथून जमेल तिथून त्या तांबूस कोवळे कोंब बाहेर काढत होत्या. आई त्यांच्या शेजारच्या ओळीत वाकली.

"मी तुम्हाला तोडा म्हणाले नव्हते," ती म्हणाली.

"नाय म्हनालीस."

"मी म्हणालेही नसते."

"मला म्हाईत हाय."

"मग मला विचारायचं तरी."

अण्णांनी अंगठ्याने एक कोंब मोडला. "तू नको म्हनाली असती," ते म्हणाले. "आन् मंग त्या म्हातारीला काय सांगितलं असतं आपन?"

दोघं कोंब मोडत ओळीच्या टोकापर्यंत गेले. तिला कोंब नीट मोडता येत नव्हते, बुंध्याशी साल सोलली जात होती. अण्णांनी तिला अंगठा कसा टेकवायचा ते दाखवलं.

वर्षभराने पुन्हा अर्ज करता येणार होता. बायका ओसरीवर जमल्या, म्हातारीही होती. या वेळी तोड्याचा हंगाम टाळून तारीख मागायची, असं ठरत होतं. अण्णा दारात बसून सुतळीचा गुंता सोडवत होते. एकीने त्यांना हाक मारली, "काय अण्णा, करायचा का अर्ज परत? तुमचं काय म्हननं?"

"करा की," अण्णा म्हणाले. "आता तोडायला बी काय राह्यलं नाय."

बायका खळखळून हसल्या. अण्णाही हसले, त्यांनी ते गमतीतच म्हटलं होतं. आईने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि अर्जावर सही केली. सही करताना तिने खाली घातलेली मान, सगळ्या बायका उठून जाईपर्यंत वर केली नाही.